मागच्याचे दिवे

१

आमच्याकडे वाळवंटात एकट्या गाडीनं कोणी जात नाही. दोन गाड्या लागतात, आणि दोन गाड्या म्हटल्या की एक नियम आला. पुढच्यानं प्रत्येक फाट्यावर थांबायचं. मागच्यानं धूळ खायला नको म्हणून अर्धा मैल मागं राहायचं. मागच्याचे दिवे धुळीतून दिसले आणि त्यांची दोनदा उघडझाप झाली, की मगच पुढच्यानं वळायचं. वॉकीटॉकी सोबत असते, पण मध्ये डोंगर आला की ती मुकी होते, म्हणून भरवसा दिव्यांवर. अरिझोनातल्या आमच्या त्या बंद पडलेल्या खाणीच्या गावात हे पोरांना सायकलच्या आधी शिकवतात. त्या दिवशी मी हा नियम अक्षर न अक्षर पाळला. आधीच सांगून ठेवतो, कारण लोक पहिला प्रश्न तोच विचारतात.

आम्ही तिघं होतो. मी एफ्रेन, शाळेची बस चालवतो, वय अठ्ठावन्न. वर्जिल हा माझा पहिलीपासूनचा दोस्त. जन्मभर फ्रिज आणि कूलर दुरुस्त केले आणि आता उजवा गुडघा धरून बसलाय. तिसरी चायो. आमच्याच शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं वीस वर्षं पोरांना जेवू घातलं, त्यातली बारा विधवा म्हणून. दरवर्षी शाळा सुटली की मे महिन्याच्या शेवटी आम्ही पश्चिमेकडच्या कातळातल्या एका टाक्यापाशी दोन दिवस जाऊन राहतो. उन्हाळ्यातसुद्धा तिथं सावली असते आणि पाणी असतं.

या वर्षी चायोची बहीण कंबर धरून बसली, त्यामुळे चायो तिच्या पांढऱ्या पिकअपमध्ये एकटीच होती. फेब्रुवारीत तिच्या हृदयात स्टेंट घातला होता. मी म्हटलं, आमच्या गाडीत बस, तर म्हणाली, "म्हणजे दुसरी गाडी कोण आणणार, तुझी बस?"

पाण्याचं पिंप माझ्या गाडीवर चढवलं, कारण माझ्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे नवे होते. तंबू, लाकडं, जेवण तिच्या गाडीवर. तिच्याजवळ पाण्याचा एक चार लिटरचा कॅन. ती वाटणी मी केली. माझीच अक्कल.

आणि एक गोष्ट. त्या टाक्यापाशी मी चायोला लग्नाचं विचारणार होतो. चार वर्षं विचारणारच होतो. वर्जिलला हे माहीत होतं, म्हणजे मला त्याचा त्रास किती होता ते समजून घ्या.

२

पहिला फाटा पवनचक्कीपाशी. सकाळचे साडेसात. आम्ही थांबलो, मागं धूळ आली, धुळीत दिवे आले. दोनदा उघडझाप. मी खिडकीतून हात काढून हलवला आणि निघालो.

"आज विचारणार का?" वर्जिल म्हणाला.

"तोंड बंद ठेव."

"तुझं बंद राहतंय म्हणून मी उघडतोय. अरे, बाई म्हातारी होईल."

"चायो कधी म्हातारी होणार नाही."

"हे! हे वाक्य तिला म्हण की, गाढवा."

दुसरा फाटा गुरांच्या जुन्या कोंडवाड्यापाशी, आणि तिथं फाटक आहे. साखळीचं. वर्जिलच्या गुडघ्यामुळे साखळी काढायला मीही उतरलो. आम्ही दोघांनी आपापलं दार लावलं. धप्प, धप्प.

फाटक उघडं करून ठेवलं, कारण मागून कोणी येत असेल तर बंद ते करतात. मग वाट बघत उभे राहिलो. दहा मिनिटांत धूळ दिसली, आणि दिवे. गाडी थांबली. दोनदा उघडझाप झाली.

आणि मग तिकडून आवाज आला. धप्प, धप्प.

मी वर्जिलकडे बघितलं. तो दात कोरत होता.

"उतरली वाटतं," तो म्हणाला.

"दोन दारं?"

"एकीकडून उतरली, दुसरीकडून काहीतरी काढलं. तुला आता तिनं दारं किती लावायची त्याचाही हिशेब पाहिजे? लग्नाआधीच?"

मला हसू आलं. बरोबरच होतं त्याचं. पलीकडच्या बाजूला तिची औषधाची पिशवी असणार. आम्ही गाडीत बसलो आणि डावीकडे वळलो. वळताना आरशात पाहिलं, तर ती धूळ अजून तशीच उभी होती. गाडी थांबून पाच मिनिटं झाली होती. वारा नव्हता. थांबलेल्या गाडीची धूळ खाली बसते, हे मला वयाच्या चौथ्या वर्षापासून माहीत आहे.

मी ते वर्जिलला सांगितलं नाही. सांगून तो काय म्हणाला असता, तेही मला माहीत होतं.

३

तिसऱ्या फाट्यावर काळा दगड सुरू होतो. तिथं वर्जिल लघवीला उतरला आणि परत येताना गाडीच्या पुढं कमरेवर हात देऊन उभा राहिला.

"चल, तालीम कर. मी चायो."

"चायोला मिशा नाहीत."

"उतर खाली. टाक्यापाशी तत पप करशील आणि आम्हा दोघांना रात्रभर ते बघत बसावं लागेल. उतर!"

मी उतरलो. सांगायला लाज वाटते, पण मला खरंच तालीम हवी होती. वाक्य मी वर्षभर घोळवत होतो. मी टोपी काढली आणि त्या मिशाळ चायोला म्हणालो, "चायो, तुझं घर आणि माझं घर यांच्यामध्ये तीनच गल्ल्या आहेत, पण मला त्या रोज ओलांडायचा कंटाळा आलाय. तू माझ्याशी लग्न करशील का?"

वर्जिलनं कमरेवरचे हात खाली घेतले. मग म्हणाला, "चांगलं आहे रे." आणि खुशीत त्यानं आमच्या गाडीच्या टपावर तीनदा थापा मारल्या.

धुळीतून तीन थापा आल्या.

"बघ!" वर्जिल ओरडला. "होकारसुद्धा आला!"

मी मागं बघितलं. अर्ध्या मैलावर धुळीचा तो ढीग उभा होता, आत दोन दिवे. तेवढ्या लांबून तिला थापा ऐकू गेल्या? सकाळच्या वेळी वाळवंटात आवाज लांब जातो, हे खरं आहे. पण मग माझं वाक्यही ऐकू गेलं का, म्हणून माझे कान तापले. भीती नव्हती ती. भीती नंतर, गाडी सुरू केल्यावर वाटली. आम्हाला ऐकू आल्या त्या तीन थापांच्या मधलं अंतर मला आठवलं. वर्जिलनं दोन भराभर मारल्या होत्या आणि तिसरी जरा उशिरा, कारण मध्ये त्याचा गुडघा लचकला होता. तिकडची तिसरीही तेवढीच उशिरा आली होती.

"वर्जिल," मी म्हणालो, "आपण थांबू. चायोला जवळ येऊ दे. मला ती दिसू दे."

"खिंडीत थांबणारच आहोत ना जेवायला. आता थांबलास तर बाई विचारेल काय झालं, आणि तू तिथंच रस्त्यात विचारून बसशील."

मी थांबलो नाही. नियमाप्रमाणे मला दिवे दिसले होते, उघडझापही झाली होती.

४

खिंडीच्या माथ्यावर सव्वादहाला पोचलो. गाडीच्या बाहेर चाळीस अंश. मी इंजिन बंद केलं आणि त्याच क्षणी डॅशबोर्डवरची वॉकीटॉकी खरखरली.

"...एफ्रेन. एफ्रेन, ऐकतोस का? वर्जिल?"

चायोचा आवाज. मी इतका सुखावलो की हसलोच. बटण दाबलं. "बोल गं. इथंच आहोत. वर ये, जेवायचंय."

"अरे देवा, लागली एकदाची. कुठे आहात तुम्ही? दोन तास बोंबलतेय मी." तिचा श्वास लागत होता. "पुढचं चाक फुटलंय. जॅक वाळूत रुततोय, मला होत नाही. कोंडवाड्याच्या अलीकडे, तो लाल ओढा आहे ना, तिथं. तुम्ही फाट्यावर थांबला का नाहीत रे? मी दिवे कुठे दिले होते?"

मी बटण धरून बसलो होतो. लाल ओढा दुसऱ्या फाट्याच्याही अलीकडे आहे. वर्जिल हळूच वळला आणि मागच्या काचेतून खाली पाहू लागला.

"एफ्रेन," तो म्हणाला.

खिंडीच्या पायथ्याशी धूळ उभी होती. तिच्यातल्या दिव्यांची दोनदा उघडझाप झाली.

"एफ्रेन?" वॉकीटॉकीत चायो म्हणाली. "गप्प का झालास? पाणी संपत आलंय माझं. बसते सावलीत, पण लवकर या. छातीत जरा..." आणि मग खरखर, आणि मग काही नाही. मी दहादा बटण दाबलं.

लोक मला नंतर विचारतात, वर्जिलच्या माणसांत, इथल्या मूळच्या ओ'ओडम लोकांत, याबद्दल काही सांगतात का. तो फ्रिज दुरुस्त करायचा हो. त्याला माझ्याइतकंच कळत होतं.

"पुढे जाऊ," तो म्हणाला. "चाळीस मैलांवर हायवे. तिथून फोन लागेल. शेरीफची माणसं हेलिकॉप्टर घेऊन..."

"अडीच तास हायवेपर्यंत. मग त्यांचे दोन-तीन. तिच्याकडे पाणी किती राहिलंय ते ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"तिच्या छातीत..."

"ऐकलं रे मी!" तो ओरडला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "पण रस्ता एकच आहे. ते त्या रस्त्यावर आहे."

मी म्हणालो, "उतरायचं असेल तर उतर." मित्राला असं बोलू नये. तो उतरला नाही. त्यानं त्याच्या बाजूची काच वर केली, डोक्यावरचा दांडा दोन्ही हातांनी धरला, आणि मी गाडी वळवली.

५

खिंडीखाली रस्ता दोन कातळांमधून जातो. एक गाडी कशीबशी मावेल एवढाच. समोरून कोणी आलं तर एकाला मागं जावं लागतं. मी मनात ठरवलं होतं की धडक द्यायची. काय असेल त्याला.

आम्ही धुळीत शिरलो. पहिल्यांदा जाणवलं ते म्हणजे काचेवर काही आदळत नव्हतं. गाडी चालताना धूळ अंगावर येते, काचेवर चरचरते. ही जागची हलत नव्हती. इंजिनाचा आवाजही बसका झाला, कोणी वर गोधडी टाकावी तसा. दिवे समोर होते, मोठे होत होते, आणि मी दात आवळून वेग वाढवला. मग दिवे समोर नव्हते. आरशात होते.

"बघू नकोस," वर्जिल म्हणाला. "बाजूला बघू नकोस."

जिथं एकच गाडी मावते तिथं माझ्या डावीकडून दुसरी गाडी जात होती. अगदी हळू. तिची काच माझ्या काचेपासून वीतभर अंतरावर. मी समोरच बघत होतो, पण डोळ्याच्या कडेला जे येतं ते येतंच. आत दोघं होते. पलीकडच्यानं डोक्यावरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. अलीकडचा स्टीअरिंगवर होता, टोपी घातलेला. त्याचे ओठ हलत होते. पाठांतर करणाऱ्या मुलाचे हलतात तसे, पुन्हा पुन्हा, एकच ओळ.

मी चेहरा पाहिला नाही. पाहिला नाही असंच मी सगळ्यांना सांगतो.

मग एकदम ऊन. मागं आरशात धूळ उभी, तशीच. मी गाडी अशी हाणली की पिंपातलं पाणी झाकणातून उसळत होतं. तिसरा फाटा गेला. कोंडवाडा आला, आणि मला ब्रेक दाबावा लागला.

फाटक बंद होतं. साखळी नीट दोन वेढे देऊन आकड्यात अडकवलेली. आम्ही ते चायोसाठी उघडं ठेवलं होतं, आणि शेवटच्या गाडीनं ते बंद करायचं असतं.

वर्जिल उतरला. साखळीचे वेढे त्याला सुटेनात, म्हणून मी उतरून मदत केली. या वेळी आम्ही दारं उघडीच ठेवली.

६

बारा वाजून गेले होते. लाल ओढ्यात चायोचा पिकअप एका बाजूला कलून उभा होता. ताडपत्री बांधलेली होती, तिच्या सावलीत घडीची खुर्ची होती, रिकामी. चायो गाडीत होती. सगळ्या काचा वर, दारं आतून बंद. त्या उन्हात.

गाडीभोवती वाळूत पावलं होती. दोन माणसांची, फेऱ्या मारल्यासारखी. एकाचा उजवा पाय प्रत्येक पावलाला ओढला गेला होता. वर्जिलनं ती पाहिली आणि तो जागच्या जागी उभा राहिला.

मी काचेवर थाप मारली. "चायो! चायो, दार उघड!"

ती सीटवर आडवी पडली होती. चेहरा लालबुंद, ओठ फुटलेले. तिनं डोळे उघडले, मला पाहिलं, आणि मागं सरकली. पलीकडच्या दाराला पाठ टेकेपर्यंत.

"जा," ती म्हणाली. काचेतून आवाज कसाबसा येत होता. "जा ना रे बाबा."

"चायो, मी आहे. एफ्रेन. पाणी आणलंय, हे बघ." मी बाटली काचेला लावली.

"मघाशी पण तूच होतास."

"मघाशी मी खिंडीत होतो. तुझ्याशी बोललो ना वॉकीटॉकीवर!"

"हेही म्हणालास मघाशी." ती रडत होती, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. अंगात पाणीच राहिलं नव्हतं. "दोनदा आलात. बाटली दाखवता. ती रिकामी असते."

मी झाकण काढून पाणी काचेवर ओतलं. ती नुसती बघत राहिली. वर्जिल पुढे आला, हात जोडून म्हणाला, "चायो, बाई, मी वर्जिल, माझ्या आईची शपथ." तिनं दोन्ही कान झाकून घेतले. त्या पेटीत ती अजून अर्धा तास टिकली नसती. मला तेवढंच दिसत होतं. तिला माझा चेहरा नको होता, माझा आवाज नको होता. मग माझ्याकडे असं काय होतं जे फक्त माझंच होतं?

मी टोपी काढली. कपाळ काचेला टेकलं. काच इतकी तापली होती की कातडी भाजली.

"चायो," मी म्हणालो, "तुझं घर आणि माझं घर यांच्यामध्ये तीनच गल्ल्या आहेत..."

तिनं कानांवरचे हात काढले. मी सगळं म्हटलं, शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता. माझ्या मागं वर्जिल हुंदके देत होता. चायो माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी दया होती की क्षणभर मला वाटलं, जमलं.

"तू हे मघाशीच विचारलंस," ती म्हणाली. "पहिल्यांदा आलास तेव्हा. असंच, टोपी काढून."

"मग?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. "मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

वर्जिलनं जॅकचा दांडा आणला आणि काच मी फोडली.

७

चायो वाचली. आम्ही तिला ओढून काढलं तेव्हा तिनं मला ओरबाडलं, ती चावली, मग तोंडात पाणी गेल्यावर बेशुद्ध झाली. तिचा पिकअप तिथंच सोडला आणि तिला मध्ये घेऊन निघालो. पवनचक्कीच्या फाट्यावर मी थांबलो नाही. आरशात बघायचं नाही म्हणून वर्जिलनं आरसाच उलटा फिरवला. गावाचं डांबर लागेपर्यंत मी वेग कमी केला नाही.

इस्पितळात ती नऊ दिवस होती. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं की माणसाला भास होतात. मला ते पटवून घ्यायचं आहे. रोज प्रयत्न करतो. मग फाटकाची साखळी आठवते.

आता ती घरी आहे, बरी आहे. मला ओळखते, हसते, रविवारी माझ्यासाठी मचाकाचे, म्हणजे सुक्या मांसाचे, बुरितो करून ठेवते. मी त्या तीन गल्ल्या ओलांडून जातो, पायरीवर बसतो, आणि आम्ही जाळीच्या दारातून बोलतो. आत ये असं तिनं अजून म्हटलेलं नाही. मीही म्हणत नाही. वर्जिल मला एकदाच म्हणाला, "पुन्हा विचार की तिला." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्यानं मान खाली घातली.

गेल्या आठवड्यात मी तिला धीर करून विचारलं, लग्नाचं नाही, एवढंच, की चायो, तू माझी वाट बघतेस का? तिची नजर माझ्या खांद्यावरून पश्चिमेकडच्या रस्त्यावर गेली, जिथं गावाचं डांबर संपतं.

"मी शब्द दिलाय, एफ्रेन," ती म्हणाली. "आणि तो तुला दिलेला नाही."

तिथं रस्त्यावर काही नव्हतं. अजून तरी नव्हतं. मी रोज संध्याकाळी जाऊन बघून येतो.